त्या प्रश्नापुढे मी ‘हो’ लिहिलं

तो प्रश्न मला आता जवळजवळ पाठ झालाय. आजवर कधी कुठल्या मानसिक त्रासासाठी डॉक्टरकडे किंवा हॉस्पिटलात, भरती होऊन किंवा नुसतं जाऊन-येऊन, उपचार घेतले आहेत का? घेतले असतील तर कुठे, केव्हा, कुणाकडे?

फेब्रुवारी २०२३ मधली रात्र होती. मुलगी झोपली होती. न्यू जर्सीत हँडगन, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर, विकत घेण्यासाठी जो ऑनलाइन अर्ज भरावा लागतो, तो उघडून मी तासभर बसले होते. नाव, उंची, वजन, डोळ्यांचा रंग, नोकरीचा पत्ता हे सगळं भराभर भरून झालं आणि या प्रश्नापाशी हात थांबला. २०१२ मध्ये मुलीच्या जन्मानंतर मला नैराश्य आलं होतं. बाळंतपणानंतर बऱ्याच बायकांना येतं, मलाही आलं. आठ महिने दर आठवड्याला डॉक्टरकडे जात होते, गोळ्याही होत्या. नंतर सगळं ठीक झालं. ही गोष्ट माहीत कुणाला, तर नवऱ्याला आणि कोल्हापुरात आईला.

नवरा शेजारीच होता. म्हणाला, “अगं, नाही लिही. दहा वर्षं झाली. कोण शोधायला बसलंय?”

त्याचं चुकीचं नव्हतं. तो डॉक्टर निवृत्त झाला होता, त्याचा दवाखानाही बंद झाला होता. पण अर्जाच्या शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असं म्हणून सही करायची होती. खोटं लिहून मिळवलेला परवाना घरात ठेवून मला झोप लागली नसती. मी ‘हो’ लिहिलं. त्या एका शब्दाची किंमत पुढे सहा महिन्यांहून जास्त मोजावी लागली. ती हकिगत सांगायचीय, आणि त्याबरोबर या देशात बंदुकीच्या कायद्यांचा जो गुंता आहे त्यात नेमकं कोण अडकतं, हेही.

आधी पिस्तूल कशाला, ते सांगते. मराठी मंडळात हे कळलं तेव्हा सगळ्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं, आणि विचारण्यात काही गैर नाही. आमच्या मुलांच्या शाळांत दर महिन्याला सुरक्षेची ड्रिल होते. वर्गाचं दार लावून, दिवे घालवून पोरं कोपऱ्यात गप्प बसतात. माझी मुलगी दुसरीत असताना घरी येऊन म्हणाली होती, “आई, आज मी अजिबात आवाज नाही केला.” अशा देशात आपल्या ओळखीची बाई पिस्तूल घेते म्हटल्यावर लोक दचकणारच.

मी कोल्हापूरची. कॉलेजात एनसीसीत होते आणि तिथे छोट्या गोळीची पॉइंट टू टू रायफल हातात आली. जमिनीवर पालथं पडून, श्वास अर्धा सोडून, बोट हळूहळू दाबत न्यायचं, आणि गोळी सुटल्याचं आपल्यालाच नवल वाटलं पाहिजे, असं आमचे उस्ताद सांगायचे. तो खेळ डोक्यात कायमचा बसला. २०१० मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला विश्वविजेती झाली तेव्हा मी न्यू जर्सीत एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये बसून रडले होते. २०१८ मध्ये राही सरनोबतनं जकार्ता-पालेमबांगच्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं तेव्हा ठरवलं, की हातात घ्यायचं तर पिस्तूलच. गावाकडच्या पोरी जगात पहिल्या येतात आणि आपण इथे रेंजवर पाऊलसुद्धा टाकू शकत नाही, ही खंत होती.

टाकू शकत नव्हते, कारण मी एच-फोर व्हिसावर होते, म्हणजे इथे तात्पुरत्या नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्या व्हिसावर. हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते. एच-वन, एच-फोर, विद्यार्थी अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसानं बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. रेंजवर भाड्याची बंदूक घेऊन चार गोळ्या मारणंही त्यातच येतं. याला एक अपवाद आहे. तुमच्याकडे कुठल्याही राज्याचं शिकारीचं लायसन्स असेल तर चालतं. म्हणजे हरीण मारायचा परवाना काढला की कागदावरच्या निशाणावर गोळी मारता येते. मला शिकार करायची नव्हती आणि केवळ पळवाट म्हणून शिकारीचं लायसन्स काढणं पटेना. ग्रीन कार्ड २०२१ मध्ये आलं. तोवर मी थांबले.

आता न्यू जर्सीची पद्धत. इथे दोन वेगवेगळे कागद लागतात. एक एफआयडी कार्ड, म्हणजे बंदूक घेणाऱ्याचं ओळखपत्र. ते असल्याशिवाय लांब नळीची बंदूक घेता येत नाही, आणि हँडगनच्या गोळ्या घेतानाही ते चालतं. दुसरं, हँडगन विकत घेण्याचं परमिट, आणि हे प्रत्येक हँडगनला वेगळं. एक परमिट, एक पिस्तूल. ९० दिवसांत घेतलं नाही तर ते संपतं, आणखी ९० दिवस वाढवून मिळू शकतं. तीस दिवसांत एकापेक्षा जास्त हँडगन घेता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये गव्हर्नर फिल मर्फींनी नव्या कायद्यावर सही केली आणि फी वाढली. कार्डाची ५ डॉलरची ५० झाली, परमिटची २ ची २५. मी फेब्रुवारीत गेले, म्हणजे नवीन दर लागला. फीबद्दल माझी तक्रार नाही. बोटांचे ठसे, गुन्ह्यांची तपासणी, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला संमती, दोन ओळखीच्या माणसांची साक्ष, यातल्या एकाही गोष्टीबद्दल नाही. या देशात बंदुकीनं जे मृत्यू होतात त्यांतले निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. २०१२ च्या त्या आठ महिन्यांत माझ्या घरात पिस्तूल नव्हतं याबद्दल मी देवाचे आभार मानते. त्यामुळे तो प्रश्न विचारायलाच हवा, असंच माझं मत आहे.

कायद्यात लिहिलंय की रहिवाशाचा अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा.

तीस दिवस झाले, काही नाही. पंचेचाळीस झाले. मी पोलीस ठाण्यात गेले. गावाचं नाव लिहीत नाही, मध्य जर्सीतलं एक गाव म्हणा. काचेच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, की बंदुकीचे अर्ज बघणारा डिटेक्टिव्ह आठवड्यात दोनच दिवस ते काम करतो, आणि माझ्या एका साक्षीदाराचं उत्तर आलेलं नाही.

साक्षीदार म्हणजे वरच्या गल्लीतल्या वहिनी. पंधरा वर्षांची ओळख. गणपतीचे मोदक आम्ही एकत्र करतो. घरी जाऊन विचारलं.

“अगं, तो मेल का? पोलिसांचा? मी डिलीट केला गं! मला वाटलं फसवाफसवीचा आहे. आणि खरं सांगू का, भीती पण वाटली. उद्या काही झालं तर माझं नाव येईल ना त्यात?”

मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून समजावलं. वहिनी, तुम्ही हमी नाही देत आहात. मला किती वर्षं ओळखता, मी दारू पिऊन दंगा करते का, घरात भांडणं-मारामाऱ्या आहेत का, एवढंच विचारतात, जे खरं असेल ते लिहा. शेवटी त्यांनी चहा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “दीड महिन्याची पोर घेऊन तू माझ्याकडे यायचीस, तेव्हाचं पण लिहू का?” त्यांना तेव्हा मी काही सांगितलं नव्हतं. पण त्यांना कळलेलं होतं. मी म्हटलं, विचारलं तर लिहा. पुन्हा लिंक मागवली आणि त्यांनी माझ्यासमोरच उत्तरं भरली.

त्यानंतर डिटेक्टिव्हचा फोन आला, एप्रिलच्या मध्यात. माणूस चांगला होता, बोलणं सभ्य. म्हणाला, तुम्ही प्रश्नाला ‘हो’ लिहिलंय, तेव्हा त्या डॉक्टरचं पत्र लागेल की तुम्हाला आता बंदूक बाळगण्यात धोका नाही. मी सांगितलं, डॉक्टर निवृत्त, दवाखाना बंद. इथे डॉक्टरांनी रुग्णाची कागदपत्रं सात वर्षं ठेवायची असतात. ती मुदत तर कधीच उलटून गेली होती. म्हणजे मी सांगितलं नसतं तर हा उपचार कधी झाला होता याचा एकही कागद जगात शिल्लक नव्हता. जी गोष्ट फक्त माझ्या तोंडून कळली, तिचाच पुरावा आता मी आणायचा होता.

“मग दुसऱ्या कुठल्या डॉक्टरचं पत्र आणा,” तो म्हणाला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरीण बाईंनी ऐकूनच हात वर केले. त्या मला अकरा वर्षं बघतायत, पण ‘हिला बंदूक द्यायला हरकत नाही’ असं लेटरहेडवर लिहायची त्यांची तयारी नव्हती. मी त्यांना दोष देत नाही. कुठल्या डॉक्टरला असली जोखीम हवी असेल? दोन मानसोपचारतज्ज्ञांच्या ऑफिसांनी नवीन रुग्ण घेत नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं असली पत्रं देत नाही असं स्पष्टच कळवलं. चौथ्या ठिकाणी, तासाभराच्या अंतरावर, एक सायकॉलॉजिस्ट बाई तयार झाल्या. दोन बैठका, लेखी चाचण्या, नवऱ्याशी वेगळं बोलणं. पैसे पिस्तुलाच्या किमतीच्या जवळ गेले, आणि विमा त्यात काहीच देणार नव्हता.

त्या बाईंनी मला जे विचारलं ते मात्र फार नीट विचारलं. बाळ रडायचं तेव्हा काय वाटायचं, आता वाईट दिवस आला तर काय करता, घरात चावी कुणाकडे राहील. चावीच्या प्रश्नावर आम्ही बराच वेळ बोललो. त्यांच्या ऑफिसातून निघताना वाटलं, की सगळ्या प्रक्रियेत खऱ्या अर्थानं ‘तपासणी’ झाली असेल तर ती इथे. आणि ती झाली फक्त माझी, कारण मी ‘हो’ लिहिलं होतं. ज्यानं त्याच प्रश्नाला ‘नाही’ लिहून टाकलं त्याच्याशी कुणी पाच मिनिटंही बोललं नसेल.

परमिट मिळालं २२ ऑगस्टला. अर्जापासून १९४ दिवस. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं शेजारच्या गावात तोच अर्ज, त्याच वेबसाइटवर, त्याच कायद्याखाली केला होता. त्याला २४ दिवसांत मिळालं. त्याच्या ठाण्यात हे काम रोज होतं, आमच्याकडे आठवड्यातून दोनदा. मुदत अर्जदाराला लागू. मुदत वाढवून घेतली नाही तर परमिट नव्वदाव्या दिवशी संपलं की संपलं. ठाण्याची तीस दिवसांची मुदत कायद्यातही आहे, पण ती उलटली तर ठाण्याला कुणी जाब विचारत नाही.

मी खेळासाठी थांबले होते, मला उशीर झाला एवढंच. सगळ्यांचं तसं नसतं. २०१५ मध्ये याच राज्याच्या दक्षिण भागात एका बाईला जुन्या जोडीदाराकडून जिवाची भीती होती. तिनं कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश घेतला, घराला कॅमेरे लावले आणि हँडगनच्या परमिटसाठी अर्ज केला. तीस दिवस उलटून गेले तरी परमिट आलं नव्हतं. आपल्याच घराच्या अंगणात तिला त्यानं भोसकून मारलं. पिस्तूल असतं तर ती वाचलीच असती असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच माहीत नाही. पण तिनं जे जे कायद्यानं करायचं ते सगळं केलं होतं, आणि कायद्यानं आपला शब्द पाळला नाही. इथले बंदूकवाले लोक तिचं नाव आजही काढतात. त्यांच्या सगळ्याच म्हणण्याशी मी सहमत नाही, पण या बाबतीत त्यांचा राग मला समजतो.

पिस्तूल यायला नोव्हेंबर उजाडला. निशाणेबाजीचं पॉइंट टू टू, दहा गोळ्यांचं मॅगझिन. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियातल्या दुकानात तेच पिस्तूल कपाटात दिसत होतं, स्वस्तही होतं. पण हँडगन फक्त आपल्या राज्यातल्या दुकानदाराकडूनच घेता येते, हा १९६८ चा केंद्रीय कायदा. दुकानात पुन्हा एक केंद्राचा फॉर्म आणि पुन्हा बॅकग्राउंड चेक. त्या फॉर्मवर गांजा घेता का असा प्रश्न आहे आणि शेजारीच इशारा आहे, की तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी केंद्राच्या दृष्टीनं बेकायदाच आहे. न्यू जर्सीत २०२२ च्या एप्रिलपासून गांजाची दुकानं उघडपणे चालू आहेत. म्हणजे राज्याला कर भरून सरळ दुकानातून घेणाऱ्या माणसानं इथे खरं सांगितलं तर पिस्तूल नाही, आणि खोटं सांगितलं तर फेडरल गुन्हा. मला त्या प्रश्नाचा काही त्रास नव्हता. पण लिहिताना पुन्हा तेच जाणवलं, की हे सगळं उभं आहे ते सांगणाऱ्याच्या खरेपणावर, आणि खरेपणाला मात्र इथे काही संरक्षण नाही.

ते मला पुढे आणखी कळत गेलं, कारण मी स्पर्धांना जायला लागले.

पेनसिल्व्हेनियात बक्स काउंटीत एका क्लबवर बुल्सआय लीग चालते. एका हातानं पिस्तूल धरून पंचवीस आणि पन्नास यार्डांवर नेम धरायचा, जुनी अमेरिकन पद्धत. मला ती फार आवडली. आमच्याकडून रूट वननं ट्रेंटनला यायचं आणि पुलावरून डेलावेअर नदी ओलांडायची. शेजारच्या जुन्या पुलावर ‘ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स’ अशी मोठी अक्षरं आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा ती अक्षरं दिसताच माझे हात घामेजले. पिस्तूल रिकामं, कुलूपबंद पेटीत, पेटी डिकीत, गोळ्या वेगळ्या डब्यात. सगळं नियमानुसार. न्यू जर्सीत रेंजला जाताना वाटेत गरजेपुरतंच थांबता येतं. पेट्रोल चालेल, बाथरूम चालेल. मैत्रिणीकडे डबा द्यायला वीस मिनिटं वाकडी वाट केली तर? मला कुणीच ठामपणे सांगू शकलं नाही. म्हणून मी डबा दिला नाही. बरोबर बाळगायचा परवाना नसताना पिस्तूल घेऊन फिरणं हा इथे दुसऱ्या दर्जाचा गुन्हा आहे, पाच ते दहा वर्षं. डब्यासाठी कोण जोखीम घेईल?

माझ्या शेजारच्या लेनवर एक निवृत्त शिक्षक असतात, पेनसिल्व्हेनियाचेच. त्यांच्याकडे पिस्तूल बरोबर बाळगायचा परवाना आहे. शेरीफच्या ऑफिसात जायचं, २० डॉलर भरायचे, तपासणी होते, परवाना पाच वर्षांचा. प्रशिक्षणाची अट नाही. पिस्तूल विकत घ्यायला तर परमिटच लागत नाही, दुकानात तपासणी झाली की झालं. मला तेही पटत नाही. गोळी कशी भरायची हे न शिकता कुणी पिस्तूल कमरेला लावून बाजारात यावं, हे मला पटणार नाही. आम्ही दोघं यावर दर आठवड्याला वाद घालतो. पण एका बाबतीत त्यांचं ऐकून घ्यावंच लागतं. त्यांचं घर न्यू जर्सीच्या हद्दीपासून वीस मिनिटांवर आहे. आमच्या क्लबच्या स्पर्धेला या म्हटलं, तर म्हणाले, “वीस वर्षं झाली, मी पिस्तूल घेऊन नदी ओलांडली नाही.” त्यांच्या एका पिस्तुलाचं मॅगझिन पंधरा गोळ्यांचं आहे. आमच्याकडे २०१८ च्या कायद्यानं दहाच्या वर मॅगझिन बाळगणंच बेकायदा. त्यांच्या परवान्याला न्यू जर्सीत कागदाचीही किंमत नाही. न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचा परवाना मानत नाही.

त्यांनीच मला फिलाडेल्फियाच्या त्या बाईची गोष्ट सांगितली, आणि नंतर मी ती सगळी वाचून काढली. दोन मुलांची एकटी आई. दोनदा लुटली गेली म्हणून रीतसर पिस्तूल घेतलं, पेनसिल्व्हेनियाचा परवाना काढला. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये गाडीनं अटलांटिक सिटीच्या बाजूला आली. लेन बदलताना काही चुकलं म्हणून पोलिसानं थांबवलं. तिनं आपणहून सांगितलं, की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा त्याचा परवाना. तिला वाटलं, परवाना म्हणजे गाडीच्या लायसन्ससारखा, सगळीकडे चालत असेल. तिला अटक झाली. महिन्याहून जास्त तुरुंगात. किमान साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या शिक्षेची टांगती तलवार. पुढे ओरड झाल्यावर सरकारी वकिलांनी भूमिका बदलली आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्तींनी तिला माफी दिली. पोलिसानं विचारलंही नव्हतं. ती गप्प बसली असती तर चलन घेऊन घरी गेली असती.

तशीच २००५ ची आणखी एक. युटाचा माणूस विमानानं न्यूअर्कमार्गे पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. पिस्तूल नियमाप्रमाणे चेक-इन सामानात, कुलूपबंद, काउंटरवर सांगून. पुढचं विमान चुकलं म्हणून बसनं जायचं ठरलं, पण सामान मागे राहिलं, आणि बॅग हातात आली तेव्हा पुढची बस निघून गेलेली. रात्र हॉटेलात काढली. सकाळी पुन्हा काउंटरवर जाऊन त्यानं शहाण्यासारखं सांगितलं, की माझ्या बॅगेत पिस्तूल आहे. अटक. काही दिवस तुरुंगात. १९८६ चा केंद्रीय कायदा प्रवाशाला राज्याराज्यांतून बंदूक नेताना संरक्षण देतो, पण बंदूक हाताशी नसली पाहिजे अशी त्यात अट आहे, आणि रात्रभर बॅग हॉटेलच्या खोलीत त्याच्याजवळ होती. गुन्हा मागे घेतला गेला, पण त्यानं केलेला नुकसानभरपाईचा दावा अपील कोर्टानं २०१० मध्ये फेटाळला. त्यानं करायला काय हवं होतं? बॅग घ्यायलाच नको होती, विमानतळावरच सोडायची होती. बस चुकलेल्या माणसाला हे रात्री कुठून सुचणार?

ही दोन्ही माणसं लपवाछपवी करणारी असती तर पकडलीच गेली नसती.

न्यूयॉर्कबद्दल थोडक्यात. तिथे परवान्याशिवाय हँडगन नुसती जवळ असणं हाच गुन्हा. बाहेरच्या राज्यातल्या स्पर्धकाला सूट आहे, पण स्पर्धा मान्यताप्राप्त हवी, ४८ तासांच्या आतलं येणं-जाणं, आणि कार्यक्रमाची प्रत जवळ हवी. एकदा बोलावणं आलं होतं. मी प्रत छापली, फाइलमध्ये घातली, आणि आदल्या रात्री नाही म्हणून कळवलं. नियम माझ्या बाजूनं होता. पण रस्त्यात थांबवणाऱ्या पोलिसाला तो अपवाद माहीत असेल याची खात्री नव्हती, आणि घरी अकरा वर्षांची पोर होती.

ओक ट्री रोडवर आमच्या ओळखीचे एक सराफ आहेत, सांगलीकडचे. त्यांची अडचण माझ्याहून मोठी. २०२२ आधी न्यू जर्सीत पिस्तूल बरोबर बाळगायचा परवाना हवा तर ‘सबळ कारण’ दाखवावं लागायचं आणि सामान्य माणसाला तो जवळपास मिळतच नसे. २३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टानं न्यूयॉर्कची तशीच अट सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली आणि इथलीही गेली. मग नवीन कायदा आला. फी २०० डॉलर, चार साक्षीदार, रेंजवर ५० गोळ्यांची परीक्षा, दोन वर्षांनी पुन्हा सगळं. काकांनी साठाव्या वर्षी ते सगळं केलं. मीच त्यांना नेम शिकवायला दोन रविवार रेंजवर नेलं. पण त्यांना जिवाची खरी भीती वाटते ती मॅनहॅटनला सत्तेचाळिसाव्या रस्त्यावर हिऱ्यांच्या बाजारात माल आणायला जाताना. आणि तो परवाना हडसनच्या मध्यावर संपतो. “म्हणजे माल अंगावर असताना पिस्तूल घरी आणि दुकानात कॅमेरे असताना पिस्तूल कमरेला,” असं ते म्हणतात तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं.

त्यांच्याशी बोलताना मला नेहमी आजोबांची बंदूक आठवते, आईच्या वडिलांची, आजऱ्याची. ठासणीची होती. रानडुकरं ऊस नि भात उद्ध्वस्त करायची म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना होता. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की आणायची. एरवी भिंतीवर. खंडेनवमीला आजी तिला कोयत्या-विळ्यांबरोबर पुसून, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची. लहानपणी मी तो परवाना पाहिलाय, कापडात गुंडाळलेला. ती बंदूक कुठल्या शिवारापुरती चालते ते त्यावरच लिहिलेलं होतं. आजोबांना वाचता जेमतेम यायचं, पण तेवढी ओळ त्यांना पाठ होती. शेजारच्या गावचा माणूस डुक्कर मारायला बोलवायला आला तर ते म्हणायचे, “माझी बंदूक वढ्यापलीकडं चालत नाही बाबा.” हद्द त्यांच्यासाठीही होती आणि अरुंदच होती. पण ती कागदावर त्यांच्या हातात होती.

माझ्या हातातल्या कार्डावर तसली एक ओळही नाही. मला कायदे सैल करून नको आहेत. जवळपास तीस राज्यांत आता परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं आणि तो रस्ता मला भीतीदायक वाटतो. मला एवढंच हवंय, की हद्दीवर काय बदलतं ते मला त्या कागदावरच कळावं. आपणहून सांगणाऱ्याला पोलिसानं आधी ‘परत फिरा’ म्हणावं, बेड्या नंतर. आणि ठाण्याला दिलेले तीस दिवस हे तीसच असावेत.

गेल्या खंडेनवमीला आईनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, “तुझं ते काढलंस का पूजेला?” मी तिजोरी उघडून पेटी बाहेर काढली, देवघराखाली ठेवली. पेटीचं कुलूप काढलं नाही. मुलीनं पेटीवर झेंडूचं फूल ठेवलं. आई म्हणाली, “बरं केलंस, बंदच राहू दे.”

बुल्सआयच्या मोठ्या स्पर्धेला पॉइंट टू टूबरोबर फॉर्टी-फाइव्ह कॅलिबरचं पिस्तूलही लागतं. म्हणून दुसऱ्या परमिटसाठी मी आता पुन्हा अर्ज केलाय. कार्ड आहे, ठसे आहेत, पण प्रश्न सगळे तेच, पहिल्यापासून. वहिनींना आधीच फोन करून ठेवला होता, त्यांनी मेल आला त्याच संध्याकाळी उत्तर दिलं. सायकॉलॉजिस्ट बाईंचं जुनं पत्र जोडलंय. ते चालेल की नवीन लागेल, हे ठाण्यात विचारलं तर डिटेक्टिव्ह बदललाय, नवीन माणूस बघून सांगेल म्हणाले. त्या प्रश्नापुढे मी पुन्हा ‘हो’ लिहिलंय, २०१२ हे वर्षही लिहिलंय.

आज चव्वेचाळिसावा दिवस.